तान्हं बाळ आणि चार वर्षांची ताई: बडोद्यात दोघांना घेऊन बाहेर पडताना

ज्यांच्या घरी पाळण्यात तान्हं बाळ आहे आणि दाराशी चप्पल घालून उभं राहिलेलं तीन-चार वर्षांचं मूलही आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमचं घर दांडिया बाजारात. मोठी चार वर्षांची, धाकटा सात महिन्यांचा. ऑगस्टच्या शेवटी तो झाला. तेव्हापासून आत्ता मार्चपर्यंत दोघांना घेऊन आम्ही पंधरा-सोळा वेळा तरी बाहेर पडलो असू. त्यातल्या पहिल्या चार-पाच खेपांनंतर मी घरी येऊन रडले आहे. दोष बाळाचा नव्हता, मोठीचा तर मुळीच नव्हता. आम्ही पूर्वीच्याच सवयीने निघत होतो: आलोच आहोत तर हेही बघू, जाता जाता तेही उरकू.

आता एकच हिशोब धरतो. दोन पाजण्यांच्या मध्ये जेवढा वेळ मिळतो, तेवढीच सहल. एक ठिकाण बघायचं आणि घरी यायचं.

१. आधी वेळ ठरवा, मग ठिकाण

सुरुवातीला बाळ दर दोन-अडीच तासांनी पितं. आमचं गणित असं बसलं: सकाळी सातला पाजलं, साडेसातला रिक्षा, पावणेआठला बागेत, नऊला परतीच्या रिक्षात. मधे एखादं पाजणं बाहेर झालं तर काही बिघडत नाही. दोनदा पाजायची वेळ आली की बाळ किरकिरायला लागतं, तुमची पाठ भरून येते आणि मोठं मूल तोवर कंटाळून रस्त्यावर बसलेलं असतं.

पहिल्यांदा कधी न्यायचं? आमच्याकडे सासूबाईंचा सव्वा महिन्याचा नेम होता आणि मला तो पटला, कारण तेवढा वेळ माझ्या शरीरालाही हवाच होता. सव्वा महिना झाल्यावर मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरात नेऊन आणलं, सकाळी, गर्दी नसताना. खरी सहल मात्र ६ आठवड्यांच्या लसी झाल्यावर, बालरोगतज्ज्ञांना विचारून. त्यांनी मोकळी बाग चालेल म्हटलं. मॉल, लग्नाचा हॉल, गर्दीचं देऊळ अजून काही दिवस नको म्हटलं. तुमच्या बाळाचं वजन, जन्माची वेळ, तब्येत वेगळी असेल, म्हणून तुमच्या डॉक्टरांना स्वतः विचाराच.

६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींनंतर बाळाला ताप येऊ शकतो, मांडी दुखते. ते दोन दिवस घरीच राहा. आणि लस असो वा नसो, तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला तर घरगुती औषध देऊन वाट बघत बसू नका, त्याच वेळी डॉक्टरांना दाखवा.

बडोद्यात सुखाचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा सकाळी नऊच्या आत घरी किंवा सूर्य कलल्यावर बाहेर. उन्हाळ्यात प्रत्येक जण सांगेल, "दोन चमचे पाणी पाज ग, घसा सुकत असेल." सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी लागत नाही. उन्हात त्याला जास्त वेळा अंगावर घ्यायचं, एवढंच. पाणी तुम्ही प्या. मी एक लिटरची बाटली फक्त माझ्यासाठी वेगळी ठेवते.

२. पिशवी आदल्या रात्री भरा

सकाळी भरलेल्या पिशवीत काहीतरी राहतंच. आमची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे:

- तीन डायपर किंवा सहा लंगोट, दोन दुपटी, एक मेणकापड
- झबल्यांचे दोन जोड, टोपडं, थंडीत मोजे
- मोठीचा एक पूर्ण जोड, चड्डीसकट. हा सगळ्यात जास्त वेळा उपयोगी पडला आहे
- माझा एक कुर्ता, पुढून बटणं असलेला
- ओले वाइप्स, हात धुवायला साबणाचे कागद, ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी
- मोठीसाठी ठेपले, केळं, पाण्याची बाटली
- ममता कार्ड (गुजरातमध्ये सरकारी दवाखान्यातून मिळणारं आई-बाळाचं आरोग्य कार्ड) किंवा लसीकरणाची वही, डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी, एका मोठ्या माणसाचं आधार कार्ड
- थर्मामीटर, ओआरएसचं एक पाकीट, मोठीच्या चालू औषधाची बाटली
- सुटे पैसे. रिक्षात, तिकिटाच्या खिडकीवर बाळ कडेवर असताना फोन काढून कोड स्कॅन करणं जिकिरीचं होतं

ममता कार्ड कशाला, असं आमच्या ह्यांनीही विचारलं होतं. वाटेत कुठल्याही दवाखान्यात जायची वेळ आली तर बाळाचं वजन किती, कोणती लस कधी दिली हे पहिल्यांदा विचारतात. घाबरलेलं असताना तारखा आठवत नाहीत. निदान त्या पानांचे फोटो फोनमध्ये ठेवा.

वरचं दूध देत असाल तर तयार बाटली नेऊ नका. उकळलेलं गरम पाणी थर्मासमध्ये, पावडर मोजून कोरड्या डबीत, आणि द्यायच्या वेळी कालवायचं. दूध मनगटावर टाकून कोमट झालंय का बघायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं. बडोद्याच्या उकाड्यात उरलेलं दूध "तासाभराने पाजू" म्हणून ठेवणं म्हणजे जुलाबाला बोलावणं.

३. जायचं कशाने

इथे मी जरा स्पष्ट लिहिते. बडोदं ॲक्टिव्हावर चालतं. पुढे मोठं मूल उभं, मागे आई, मांडीवर तान्हं, हे दृश्य रोज प्रत्येक सिग्नलला दिसतं. आम्ही ते एकदाही केलं नाही आणि तुम्हीही करू नका. अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं बाळ कोणाच्याही हातात राहत नाही. मोठ्या मुलाबद्दल नियमही आहे: ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतंच.

रिक्षा करा, पण पूर्ण. शटल रिक्षात तान्हं बाळ घेऊन दाटीवाटीने बसू नका. बाळ घेतलेली व्यक्ती मधे, मोठं मूल एका बाजूला, दुसरं मोठं माणूस दुसऱ्या बाजूला. रिक्षावाल्या भाईंना बसतानाच सांगते, "धीमे चलावजो, नानुं बाळक छे." आजवर कोणी नाराज झालं नाही.

मोटार असेल तर बाळाची खुर्ची मागच्या सीटवर, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. पुढच्या एअरबॅगसमोर कधीच नाही. आणि "दोन मिनिटांत आलो" म्हणून बंद गाडीत मुलाला ठेवू नका, काच खाली असली तरी.

बाबागाडी की कॅरिअर? बागेत बाबागाडी चालते, मांडवी-न्यायमंदिर भागात ती निरुपयोगी. त्या गर्दीत कॅरिअर किंवा झोळी बरी. कॅरिअरमध्ये बाळाचं नाक-तोंड तुम्हाला सतत दिसलं पाहिजे, मान वाकून हनुवटी छातीला टेकता कामा नये, आणि नुसती मान खाली घातली की त्याच्या टाळूचा पापा घेता आला पाहिजे, इतकं ते वर हवं. बाबागाडीवर ऊन लागतं म्हणून जाड दुपटं टाकून ती पूर्ण झाकू नका. आत हवा कोंडते आणि गाडी भट्टीसारखी तापते. सावलीतला रस्ता धरा.

४. पहिली सहल कमाटीबागेतच करा

मी सगळीकडे फिरून आल्यावर सांगते, सुरुवातीला कमाटीबागेसारखी जागा बडोद्यात दुसरी नाही. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये ही बाग केली. शंभराहून जास्त एकर पसरलेली आहे, म्हणूनच सगळी बघायला जाऊ नका. आमची पहिली चूक तीच. त्या दिवशी आम्ही प्राणी पाहिले, पक्षी पाहिले, म्युझियमच्या पायऱ्यांपर्यंत गेलो आणि तिथे दोघंही एकदम रडायला लागली. माझ्या टाक्यांची जागा ठणकत होती. परत दरवाजापर्यंत चालताना वाटलं, ही बाग संपणारच नाही.

आता असं करतो. काळ्या घोड्याच्या पुतळ्याच्या बाजूच्या दरवाजाने आत जायचं. त्या दिवशीची एकच गोष्ट मोठीने आदल्या रात्री निवडलेली असते: फुलांचं घड्याळ, किंवा पक्ष्यांचे पिंजरे, किंवा नुसती गवतावर पळापळ. ती गोष्ट आधी करायची, बाळ झोपलेलं असताना. मग मोठ्या झाडाखाली मेणकापड पसरायचं, बाळाला घ्यायचं आणि तिला ठेपला द्यायचा. ह्या क्रमात गंमत अशी की मोठीला "बाळामुळे माझं राहिलं" असं वाटत नाही. पहिले तीन महिने घरात तिचं पुष्कळ काही बाळामुळे राहिलेलं असतं. ही सहल तिची आहे, बाळ फक्त बरोबर आलेलं आहे, असं आम्ही तिला मोठ्याने सांगतो.

पाजायचं कुठे, ही माझी सगळ्यात मोठी धास्ती होती. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "घरी जाऊनच घे ग." दुसऱ्या खेपेला बाळ भुकेने लालबुंद झालं तेव्हा त्यांनीच स्वतःची शाल माझ्या खांद्यावर घातली आणि शेजारी बसल्या. रस्त्याकडे पाठ करून बसा, झाडाच्या बुंध्याला टेका, सुती ओढणी एका खांद्यावरून सोडा, बाळाचं तोंड मात्र झाकू नका. बागेत फिरणाऱ्या बायका दोन शब्द चांगलेच बोलून जातात. डिंकाचा लाडू खाल्लास का, असंही एका अनोळखी आजींनी मला विचारलं आहे.

संध्याकाळी इथे डास असतात, नदी लागूनच आहे. बाळाला पूर्ण बाह्यांचं घाला, बाबागाडीवर जाळी लावा. दोन महिन्यांखालच्या बाळाला डासांचं क्रीम लावायचं नसतं. बागेतल्या छोट्या रेल्वेच्या रुळांच्या बाजूने, गाडी चालू असो वा नसो, मुलाचा हात धरूनच चाला. आणि विश्वामित्रीच्या काठावर उतरू नका. त्या पाण्यात मगरी आहेत. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्त्यांमध्ये आल्या होत्या, हे बडोदेकरांना सांगायला नको.

५. मोठं मूल नजरेआड होतं ते बाळाचं बदलताना

हे मी सावकाश लिहिते आहे, कारण ते आमच्यावर आलं.

नोव्हेंबरातली तिसरी खेप. फुलांच्या घड्याळाजवळ बाळाने शी केली. मी बाकावर मेणकापड टाकून त्याचं बदलायला घेतलं. हे तिकिटांच्या रांगेत गेले. त्यांना वाटलं मोठी माझ्याजवळ आहे, मला वाटलं ती त्यांच्याबरोबर गेली. मान वर केली तेव्हा ती नव्हती. सात-आठ मिनिटं. मी अर्धवट गुंडाळलेलं बाळ छातीशी धरून नावाने हाका मारत धावत होते. ती पक्ष्यांच्या पिंजऱ्याजवळ सापडली, एका गुजराती बेनने तिला शेजारी बसवून घेतलं होतं. त्या बाई तिला आईचं नाव विचारत होत्या आणि ती सांगत होती, "आई." त्यापलीकडे तिला काही सांगता येत नव्हतं. तिला फोन नंबर आम्ही कधी शिकवलाच नव्हता.

त्यानंतर ह्या गोष्टी आम्ही एकदाही चुकवल्या नाहीत:

बाहेर पडल्याबरोबर कोणाकडे कोण, हे मोठ्याने बोलून ठरवायचं. "मोठी तुमच्याकडे, बाळ माझ्याकडे." बदल करायचा असेल तर तोही बोलून, आणि समोरच्याने "हो, आली माझ्याकडे" म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. बाळाचं बदलताना किंवा पाजताना दुसऱ्या मोठ्या माणसाने तिथून हलायचं नाही. तिकीट, पाणी, फोन, सगळं नंतर. एकटीच असाल तर मोठ्या मुलाला मेणकापडाच्या कोपऱ्यावर बसवा आणि दुपट्याचं टोक त्याच्या हातात द्या; काम दिलं की मूल बसतं.

दरवाजात शिरताना मुलाचा एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांसकट. शोधायची वेळ आली तर "कुठला फ्रॉक घातला होता" हे आठवत नाही. हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेनने आई-बाबांचे दोन्ही नंबर लिहा. आई-बाबांचं पूर्ण नाव पाठ करून घ्या. आणि घरी मराठी बोलत असाल तर हे एक गुजराती वाक्यही शिकवा, आमची आता घडाघडा म्हणते: "मारी मम्मी खोवाई गई छे." हरवलं तर शोधत पळायचं नाही, जिथे आहोत तिथेच थांबायचं आणि मुलं बरोबर असलेल्या एखाद्या बाईला सांगायचं, हे आम्ही तिच्याशी घरी खेळून खेळून पक्कं केलं.

६. म्युझियम आणि राजवाडा

बागेतल्याच म्युझियमला वेगळ्या दिवशी जा. मोठ्या मुलासाठी तिथे एकच गोष्ट पुरे: निळ्या देवमाशाचा सांगाडा, सुमारे ७० फूट लांब. १९४४ साली मही नदीच्या मुखात आलेला तो मासा. आमची त्याच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत पावलं मोजत गेली, पुन्हा उलटी मोजत आली आणि त्यातच वीस मिनिटं गेली. इजिप्तची ममीही आहे. चार वर्षांच्या मुलाला ती दाखवायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, आम्ही टाळली. जिने आहेत, त्यामुळे इथे कॅरिअर. उघडायच्या वेळा आणि सुट्टीचा वार आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या.

लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पूर्ण झाला आणि तो बघावा असाच आहे, पण तान्ह्या बाळाबरोबर मी अजून थांबायला सांगेन. चालणं खूप, दालनांमध्ये शांत राहावं लागतं. त्यापेक्षा त्याच आवारातलं महाराजा फतेहसिंह म्युझियम लहान आणि सोपं आहे. राजा रविवर्म्याची चित्रं तुमच्यासाठी. मुलांसाठी गोष्ट अशी सांगा की ही इमारत राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती आणि त्यांच्यासाठी आवारात छोटी आगगाडी धावायची. आमच्या मोठीने नंतर आठवडाभर घरी सोफ्याची आगगाडी केली.

७. पाणी आणि सणांची गर्दी

सूरसागर तलावाला संध्याकाळी काठाने फेरी मारणं, मधल्या महादेवाच्या मूर्तीचे दिवे बघणं, हे आमच्या घरापासून चालत जाण्याजोगं आणि बिनखर्चाचं. नावेत मात्र मुलांना बसवत नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात सहलीची नाव उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. कुठेही नावेत बसायचंच असेल तर मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट अंगावर बांधलेलं असल्याशिवाय पाय ठेवू नका, आणि नाव भरलेली दिसली तर परत फिरा. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

नवरात्रात बाळ जेमतेम सव्वा महिन्याचं होतं, म्हणून मोठे गरबे सोडून शेजारच्या सोसायटीतल्या शेरी गरब्यात मोठीला हे घेऊन गेले, मी गॅलरीतून बघितलं. तान्ह्या बाळाच्या कानाजवळ मोठे स्पीकर नकोत, गणपतीच्या मिरवणुकीतही नकोत. छाती हादरते असं तुम्हाला वाटलं तर त्याच्या कानांसाठी ते फारच झालं. उत्तरायणाच्या १४ आणि १५ जानेवारीला दुचाकी नको, मांजा गळ्याला लागतो. गच्चीवर गेलात तर मुलाला कठड्यापासून लांब, आणि बाळ सावलीत आजीच्या मांडीवर.

८. शहराबाहेर

सहा महिने होईपर्यंत घाई करू नका. आजवा-नीमेटा जवळ आहे, बागेत बसून डबा खाऊन येता येतं. पावागड साधारण ५० किलोमीटर. तान्हं घेऊन वर कालिकामातेच्या दर्शनाला जाऊ नका: रोपवेच्या रांगा, वर पुन्हा पायऱ्या, वारा. पायथ्याच्या चांपानेरमध्ये जामी मशिदीच्या आवारात मोकळी जागा आहे, मुलं धावतात आणि मोठ्यांना कोरीव काम बघता येतं. २००४ पासून तो सगळा परिसर जागतिक वारसा यादीत आहे. आम्ही फेब्रुवारीत तेवढंच करून आलो. गाडीच्या खुर्चीत बाळ झोपलं तरी दीड-दोन तासांनी थांबून त्याला बाहेर काढा, आडवं झोपवा. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, तरी निघण्यापूर्वी वाटेतला बालरोगतज्ज्ञ असलेला दवाखाना बघून ठेवा.

९. खाणं, आणि घरी आल्यावर

सेव-उसळीची गाडी दिसली की थांबावंसं वाटतं. तुम्ही खा, पण मोठ्या मुलाच्या ताटलीतून तर्री आणि कच्चा कांदा काढा. लिलो चिवडा, शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांखालच्या मुलाला धावताना किंवा चालत्या रिक्षात देऊ नका, घशात अडकतात. सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं सुरू केलं असेल तर त्याचं घरून न्या: मऊ वरण-भात डबीत, केळं तिथेच कुस्करून. मध वर्षाच्या आत बोटाला लावूनही नको.

घरी आल्यावर आधी सगळ्यांचे हात-पाय. मग सासूबाई दृष्ट काढतात, मीठ-मोहरी चुलीवर टाकतात, मोठीचीही काढतात. तिला ते फार आवडतं. त्यानंतर बाळ आजीकडे आणि मी अर्धा तास फक्त मोठीबरोबर, तिने आज काय पाहिलं ते ऐकत. पिशवी मात्र त्याच संध्याकाळी रिकामी करा. ओली दुपटी धुवायला, थर्मास उपडा, आणि ममता कार्ड परत त्याच कप्प्यात. पुढच्या वेळी ते तिथेच सापडायला हवं.